आलेखाचं वरचं टोक खाली वाकलं, म्हणजे फोटोइन्हिबिशन झालं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. ग्रोथ चेंबरमध्ये सुमारे २५० मायक्रोमोल प्रकाशात वाढवलेली टोमॅटोची रोपं आहेत. गॅस एक्स्चेंज यंत्राच्या (पान हवेतून किती कार्बन डायऑक्साइड घेतं ते मोजणाऱ्या यंत्राच्या) क्लिपमध्ये पान धरून तुम्ही ऑटोमॅटिक प्रोग्राम चालवलात: अंधारापासून २००० मायक्रोमोलपर्यंत चढत, प्रत्येक पायरीवर दोन मिनिटं. प्रकाशसंश्लेषणाचा दर १००० च्या आसपास सर्वांत जास्त दिसतो आणि १२०० नंतर घसरतो. पाच पानांचे पाच आलेख पाच तऱ्हांचे आले आहेत. घसरणीला फोटोइन्हिबिशन, म्हणजे अति प्रकाशाने प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेला झालेली इजा, म्हणायचं का आणि कोणता आलेख खरा धरायचा, हे तुम्हाला हवं आहे. (प्रकाश आणि प्रकाशसंश्लेषणाचा दर, दोन्हींचे आकडे मायक्रोमोलमध्ये, प्रति चौरस मीटर, प्रति सेकंद.)

थेट उत्तर: एवढ्या माहितीवर फोटोइन्हिबिशन म्हणता येणार नाही. ते झालंच नसेल असं मी म्हणत नाही. २५० मध्ये वाढलेल्या पानाला २००० म्हणजे आठपट प्रकाश, त्यामुळे इजा होणं अगदी शक्य आहे. पण तिचा पुरावा तुम्ही आलेखाच्या चुकीच्या टोकाला शोधताय. फोटोइन्हिबिशनची पहिली खूण खालच्या टोकाला, मंद प्रकाशातल्या उतारावर उमटते.

कारण असं आहे. मंद प्रकाशात पानाची अडचण एकच असते, फोटॉन कमी पडतात. तिथला उतार म्हणजे शंभर फोटॉनांमागे किती कार्बन डायऑक्साइड बांधला गेला याचा हिशेब, म्हणजेच क्वांटम यील्ड. फोटोसिस्टिम दोनची (प्रकाश पकडून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या प्रथिनसंचाची) काही केंद्रं निकामी झाली, की फोटॉन वाया जायला लागतात आणि हा उतार लगेच कमी होतो. भर प्रकाशात मात्र फोटॉन गरजेपेक्षा जास्तच असतात. तिथे दर अडतो तो रुबिस्कोच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या विकराच्या, क्षमतेवर, तो ज्याला जोडला जातो तो आरयूबीपी रेणू पुन्हा तयार होण्याच्या वेगावर किंवा पर्णरंध्रांवर. त्यामुळे थोडी केंद्रं गेली तरी वरचा दर बराच काळ टिकून राहतो. इजा वाढत गेली तर शेवटी तोही पडतो, पण तोवर उतार आणि एफव्ही/एफएम (फोटोसिस्टिम दोन किती धडधाकट आहे ते फ्लोरेसन्सवरून, म्हणजे पान परत सोडतं त्या मंद लाल प्रकाशावरून, सांगणारा आकडा) दोन्ही स्पष्ट खाली आलेले असतात. उतार शाबूत आणि फक्त वरचं टोक खाली, असं चित्र असेल तर संशय आधी दुसरीकडे घ्यायचा.

तो दुसरीकडे म्हणजे वेळेकडे. अंधारातून आलेलं पान दोन मिनिटांत तयार होत नाही. आरयूबीपीचा साठा एक-दोन मिनिटांत भरतो, रुबिस्को पूर्ण सक्रिय व्हायला पाचदहा मिनिटं लागतात आणि पर्णरंध्रं उघडायला १५ ते ४५ मिनिटं, कधी त्याहून जास्त. तुमचा अख्खा प्रोग्राम अर्ध्या तासाच्या आत संपतो. म्हणजे पान जागं होण्याची प्रक्रिया आणि वाढता प्रकाश, दोन्हींचा परिणाम एकाच रेषेत मिसळला आहे. पाच पानांचे पाच आलेख वेगळे येण्याचं मुख्य कारण मला हेच वाटतं. एखाद्या पानाची रंध्रं आधीच थोडी उघडी होती, एखाद्याची घट्ट बंद.

आता वरचं टोक प्रत्यक्ष खाली का वाकतं ते बघू. तुमच्या फाइलमध्ये पानाचं तापमान, बाष्पदाबातली तूट (पानाच्या तुलनेत हवा किती कोरडी), रंध्रवाहकता (रंध्रं किती उघडी) आणि पानाच्या आतला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सीआय, हे चार कॉलम असतीलच. दराच्या आलेखाखाली हे चारही लावून बघा. सगळ्यात जास्त वेळा जे दिसतं ते असं: २००० ला दिवा प्रखर होतो आणि पान तापतं. समजा पान २५ अंशांवरून २८ वर गेलं. २५ ला संपृक्त बाष्पदाब ३.१७ किलोपास्कल असतो, २८ ला ३.७८. क्लिपमधल्या हवेत बाष्प १.९ किलोपास्कलच राहिलं, तर पान आणि हवा यांच्यातली तूट १.२७ वरून १.८८ वर जाते. प्रकाशाच्या पायऱ्या बदलताना तुम्ही न कळत हवासुद्धा कोरडी केलीत. चेंबरच्या दमट हवेत वाढलेलं रोप याला रंध्रं आवळून उत्तर देतं. सीआय खाली येतो, दर खाली येतो आणि आलेख वाकतो. ही पर्णरंध्रांची प्रतिक्रिया आहे, प्रकाशाने झालेली इजा नव्हे.

म्हणून वाचन सोपं ठेवा. दरासोबत रंध्रवाहकता आणि सीआय दोन्ही पडत असतील, तर रंध्रं दोषी. दर पडतोय पण सीआय तसाच आहे किंवा वाढतोय, तर अडथळा पानाच्या आत, रसायनात आहे. मग इजेचा विचार करायला जागा आहे. यात एक सापळा आहे. पानावर कुठे रंध्रं बंद, कुठे उघडी असा ठिपकेदार प्रकार झाला, की सीआयचा हिशेब खोटा उंच येतो आणि अडथळा आतला असल्याचा भास होतो. हवा एकाएकी कोरडी झाली की हे होऊ शकतं, म्हणून सीआयवर एकट्यावर भिस्त ठेवू नका.

कार्बन डायऑक्साइडही तपासा. प्रोग्राममध्ये तुम्ही येणाऱ्या हवेची पातळी ४०० पीपीएमवर (दहा लाख भागांत ४०० भाग) बांधली आहे की क्लिपमधल्या हवेची? क्लिपचं क्षेत्र ६ चौरस सेंटीमीटर, हवेचा प्रवाह सेकंदाला ५०० मायक्रोमोल आणि दर १५ असेल, तर पान १८ पीपीएम खाऊन टाकतं. येणारी हवा ४०० ची असली तरी पानाभोवती ३८२ च उरते, आणि प्रकाश वाढेल तशी ती आणखी घटते. याने आलेख खाली वाकत नाही, पण वरचा भाग उगाच चपटा होतो. नियंत्रण नेहमी क्लिपमधल्या हवेवर ठेवावं.

हाच हिशेब खालच्या टोकाला जास्त बोचतो. दर १ असेल तेव्हा दोन हवांमधला फरक असतो फक्त १.२ पीपीएम. दोन गॅस ॲनालायझरांचं मॅचिंग (एकाच हवेवर दोघांचे आकडे जुळवणं) ०.५ पीपीएमने चुकलं तर दरात जवळपास ०.४ ची चूक येते. १५ मध्ये ०.४ कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण १ मध्ये ती चाळीस टक्के आहे. ज्या टोकाला तुम्हाला खरी माहिती मिळणार आहे तेच टोक यंत्रासाठी सर्वांत नाजूक आहे. म्हणून १५० च्या खाली मी प्रत्येक पायरीआधी मॅचिंग करते आणि प्रवाह ३०० पर्यंत उतरवते, म्हणजे फरक मोठा दिसतो. गास्केट, म्हणजे क्लिपच्या कडेची मऊ पट्टी, पानाच्या जाड शिरेवर येऊ देऊ नका, तिथून हवा गळते. यंत्राजवळ वाकून श्वास सोडू नका. श्वासातला कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या शंभरपट असतो. आणखी एक बारीक गोष्ट: गास्केटखाली दबलेला पानाचा भाग अंधारात श्वसन करत असतो आणि त्याचा थोडा वायू क्लिपमध्ये झिरपतो. छोट्या क्लिपमध्ये यामुळे श्वसनाचा आकडा फुगतो.

आता मोजणी कशी करावी. इथे एकच एक पाककृती नाही. पान कसल्या प्रकाशात वाढलंय यावर ते ठरतं. उघड्या उन्हात वाढलेल्या पानासाठी मी वरून खाली येते. आधी १५०० वर २० ते ४० मिनिटं, दर आणि रंध्रवाहकता दोन्ही पाच मिनिटं स्थिर राहीपर्यंत. मग १०००, ७००, ५००, ३००, २००, १५०, १२०, ९०, ६०, ४०, २० आणि शेवटी शून्य. उतरताना रंध्रं प्रकाशापेक्षा सावकाश मिटतात, त्यामुळे सीआय पुरेसा राहतो आणि दर खरोखर प्रकाशावरच अडतो. प्रत्येक पायरीला तीन ते पाच मिनिटं. शून्यावर मात्र निदान दहा मिनिटं थांबा. दिवा विझल्यावर पहिल्या मिनिटात प्रकाशश्वसनाचा (उजेडात रुबिस्को ऑक्सिजन पकडतो त्यातून सुटणारा) उरलेला कार्बन डायऑक्साइड झपकन बाहेर पडतो आणि त्यानंतरही काही मिनिटं श्वसन नेहमीपेक्षा चढं असतं. लगेच नोंद घेतली तर तो आकडा श्वसनाचा म्हणून छापला जातो.

तुमच्या रोपांना मात्र हा क्रम लावू नका. २५० ची सवय असलेल्या पानाला सुरुवातीलाच १५०० खाली अर्धा तास धरलं, तर जे मोजायचं आहे ते मोजणीनेच बिघडवाल. तुमच्यासाठी मी असं सुचवेन. सकाळी, चेंबरचे दिवे लागून दोन तास झाल्यावर, पूर्ण वाढलेलं सर्वांत कोवळं पान घ्या. क्लिपमध्ये २५० वर २० ते ३० मिनिटं स्थिर करा आणि दर लिहून ठेवा. मग खाली उतरा: १२०, ९०, ६०, ४०. हा तुमचा आधीचा उतार. परत २५० वर या, स्थिर करा, आणि मग चढा: ५००, ८००, १२००, प्रत्येक ठिकाणी पाच नव्हे तर दहा ते पंधरा मिनिटं. १५०० वर अर्धा तास थांबा आणि दर वेळेसोबत कसा सरकतो ते नोंदत राहा. त्यानंतर पुन्हा २५० वर २० मिनिटं आणि पुन्हा तेच चार मंद बिंदू. हा नंतरचा उतार.

सगळा निर्णय या दोन उतारांच्या तुलनेत आहे. उतार तोच राहिला आणि १५०० वरचा दर सीआयसोबत घसरला, तर रंध्रांची गोष्ट आहे आणि तसंच लिहा. उतार घटला, तर पान फोटॉन वाया घालवू लागलं आहे. ती इजा आहे की संरक्षण, हा पुढचा प्रश्न. आणि एक कंट्रोल पान विसरू नका: दुसऱ्या रोपाचं पान, त्याच क्लिपमध्ये, तेवढाच वेळ, पण २५० च्या वर न नेता. दोन-अडीच तास चिमटीत धरलेलं पान नुसतं धरल्यानेही थोडं बदलतं, आणि तो बदल वजा केल्याशिवाय तुमच्या तुलनेला अर्थ नाही.

इजा की संरक्षण हे फ्लोरेसन्सने कळतं, पण तिथेही वेळच महत्त्वाची. नको असलेली ऊर्जा पान उष्णता करून टाकून देतं. यालाच एनपीक्यू म्हणतात. त्याचे थर वेगवेगळ्या गतीने ओसरतात. पीएसबीएस प्रथिन आणि थायलकॉइडमधली (हरितलवकाच्या आतल्या पटलांमधली) आम्लता यांवर चालणारा थर एक-दोन मिनिटांत बराचसा उतरतो. झियाझँथिन या पिवळ्या रंगद्रव्याशी जोडलेला थर काही दहा मिनिटं घेतो. खरी इजा, म्हणजे फोटोसिस्टिम दोनमधलं डी१ प्रथिन निकामी होणं, भरून यायला तास लागतात. म्हणून १५०० नंतर एकदाच एफव्ही/एफएम मोजून भागत नाही. ५, १५, ३० आणि ६० मिनिटांनी मोजा आणि दुसऱ्या दिवशी दिवे लागण्याआधी पुन्हा. निरोगी पानाचा आकडा बहुतेक वनस्पतींत ०.८३ च्या आसपास येतो. १५ मिनिटांनी ०.७२ आणि तासाभराने ०.८१ दिसला, तर मोठा भाग संरक्षणाचा होता. तासानंतरही ०.७२ च असेल, तर इजेचा दावा करता येतो. आधीच्या आकड्याशी, म्हणजे त्याच पानाच्या पहाटेच्या मोजणीशी तुलना करूनच. सावरण्याच्या काळात पान मिट्ट अंधारात न ठेवता १० ते २० मायक्रोमोल मंद उजेडात ठेवा, कारण डी१ ची दुरुस्ती अंधारात फार मंदावते. फक्त प्रत्येक मोजणीआधी त्या पानाला तेवढाच ठरावीक अंधार द्या, नाहीतर आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत.

ही मधली मिनिटं तुम्हाला कटकट वाटत असतील, पण या विषयातला फार मोठा भाग त्यांच्यातच आहे. ढग आडवा आला, शेजारचं पान हललं, की पानावरचा प्रकाश क्षणात उतरतो, पण संरक्षण मिनिटांनी उतरतं, आणि तेवढा वेळ पान कामाचे फोटॉनही उष्णतेत घालवतं. २०१६ मध्ये सायन्स नियतकालिकात आलेल्या कामात तंबाखूच्या रोपांत तीन जनुकं जास्त कार्यरत करून हे संरक्षण लवकर उतरेल असं केलं होतं. शेतातल्या त्या रोपांचं कोरडं वजन सुमारे १५ टक्क्यांनी वाढलं. तुमच्या पानांतही १५०० वरून २५० वर आल्यानंतरचा दर किती मिनिटांत जागेवर येतो हे नोंदवलंत, तर मूळ आलेखापेक्षा ती नोंद कदाचित जास्त मोलाची ठरेल.

यंत्रात फ्लोरेसन्सचं डोकं जोडलेलं असेल तर इलेक्ट्रॉन वहनाचा दरही (फोटोसिस्टिम दोनमधून इलेक्ट्रॉन किती वेगाने पुढे जातात) सोबत बघा. प्रकाशसंश्लेषणाचा दर घसरतोय, सीआय घसरतोय, पण इलेक्ट्रॉन वहन जवळपास टिकून आहे, तर इलेक्ट्रॉन प्रकाशश्वसनाकडे वळलेत आणि रंध्रांवरचा संशय पक्का होतो. तिन्ही एकत्र पडले तर अडथळा आत आहे. मात्र या हिशेबात पान ८४ टक्के प्रकाश शोषतं आणि त्यातला अर्धा फोटोसिस्टिम दोनला मिळतो, अशी दोन गृहीतकं यंत्राने परस्पर घातलेली असतात. फिकट पानाला ती लागू पडत नाहीत. वेगवेगळ्या हिरवेपणाच्या पानांची तुलना करणार असाल तर शोषण प्रत्यक्ष मोजा.

उतार काढताना एक जागा टाळा. शून्य ते साधारण २० मायक्रोमोल या पट्ट्यात रेषा जास्त तीव्र असते, कारण उजेड आला की श्वसन दबतं. हा कोक परिणाम. हे बिंदू उतारात घेतले तर क्वांटम यील्ड फुगतं. मी ४० ते १२० मधले बिंदू घेते आणि रेषा सरळ आहे का हे डोळ्यांनी बघते. २५ अंश आणि नेहमीच्या हवेत सी३ (टोमॅटो, गहू, भात यांसारख्या) पानाचा उतार शोषलेल्या प्रकाशावर सुमारे ०.०५ येतो, पडणाऱ्या प्रकाशावर त्याहून थोडा कमी. ०.०७ आला तर गळती किंवा मॅचिंग बघा. ०.०२ आला तर इजेचा विचार करण्याआधी पान क्लिपचं पूर्ण क्षेत्र झाकत होतं का, ते बघा.

वक्र बसवण्याबद्दल थोडक्यात. नॉन-रेक्टँग्युलर हायपरबोला (ज्यात वक्रतेचा वेगळा आकडा असतो ते समीकरण) वापरा. साधा रेक्टँग्युलर हायपरबोला कमाल दर फारच फुगवून सांगतो. पण यातला कोणताही वक्र खाली वळू शकत नाही. घसरणारे बिंदू आत ठेवून तो बसवलात, तर वक्रतेचा आकडा १ ला जाऊन चिकटतो आणि कमाल दर खाली ओढला जातो. घसरण खरी असेल तर ती वेगळी नोंदवा आणि वक्र तिच्याआधी थांबवा. कमाल दराच्या अंदाजाऐवजी १२०० ला प्रत्यक्ष मोजलेला दर दिलात तर वाचणाऱ्याला तो तपासता येतो. ‘प्रकाश संपृक्तता बिंदू’ असा एक नेमका बिंदू नसतो. कमाल दराच्या ९० टक्के दर कोणत्या प्रकाशाला मिळाला, ते लिहा.

नमुन्यांचंही बघा. एकाच रोपाची पाच पानं म्हणजे पाच नमुने होत नाहीत. निदान पाच-सहा वेगळी रोपं, प्रत्येकाचं त्याच वयाचं एक पान, आणि सगळ्या मोजण्या दिवसाच्या त्याच पट्ट्यात. दुपारनंतर साखर साठल्याने आणि रंध्रं मिटू लागल्याने वेगळाच आलेख येतो. दिव्यात निळा प्रकाश साधारण १० टक्के ठेवा, कारण निव्वळ लाल प्रकाशात रंध्रं नीट उघडत नाहीत; निळ्या प्रकाशाने फोटोट्रॉपिनमार्फत (निळा प्रकाश ओळखणाऱ्या प्रथिनामार्फत) मिळणारा इशारा त्यांना लागतो.

हातातल्या पाच आलेखांचं काय करायचं, हेही तुम्ही विचारलं होतं. प्रोग्राम अंधारातून सुरू झाला होता, म्हणून मंद प्रकाशातले पहिले काही बिंदू, साधारण १०० पर्यंतचे, मॅचिंग झालं असेल तर उताराच्या ढोबळ अंदाजासाठी चालतील. तिथे रुबिस्को पूर्ण जागा नसला तरी फोटॉनच कमी असतात. २०० च्या वरचं सगळं बाजूला ठेवा. कमाल दर, वक्रता आणि वरची घसरण यांतलं काहीच त्यातून काढू नका. नवी मोजणी सुरू करण्याआधी तापमानाचं नियंत्रण क्लिपच्या धातूच्या ब्लॉकवरून काढून पानाच्या तापमानावर लावा, तूट १ ते १.५ किलोपास्कलमध्ये बांधा आणि पहिलं पान फक्त सरावाचं धरा. ती घसरण एवढ्यानेच नाहीशी झाली, तर दोन उतारांची लांब मोजणी सगळ्या रोपांवर करायची गरज उरणार नाही. दोन-तीन रोपांवर तपासून बाकीच्यांवर साधा आलेख पुरेल.